भूसुधारणा-अर्थसाहाय्य, खानदेशातील

जमिनीची धूप थांबविणे, शेतात पडणारे पावसाचे पाणी जिरविणे, विहिरी, पाट व बांध यांची बांधणी व दुरुस्ती करणे आणि पडीक वा घळी पडलेली जमीन लागवडीस आणणे यांसाठी शेतकऱ्यास शासन, सहकारी संस्था किंवा गावसमूह यांच्याकडून मिळणारे साहाय्य. हे साहाय्य कर्ज, अनुदान, मजुरी, अवजारे वा श्रम अशा विविध स्वरूपांत दिले जाते. खानदेशात (सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) त्याची परंपरा जुनी असून तगाई, भूतारण कर्ज, बांधबंदिस्ती, रोजगार हमी व पाणलोट विकास असे तिचे प्रमुख टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यात निधीइतकेच महत्त्व तो मिळविण्यासाठी घातलेल्या अटींना होते. तारण देण्याजोगी जमीन, निर्वेध मालकी आणि आरंभीचा खर्च सोसण्याची ऐपत या अटींमुळे ज्याच्या जमिनीची धूप सर्वांत अधिक, तो लहान शेतकरी पुष्कळदा साहाय्याबाहेर राहिला. त्याला आत घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हाच या विषयाचा गाभा होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : खानदेश हा तापी खोऱ्याचा प्रदेश. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे यांनी तो वेढलेला आहे. सह्याद्रीत उगम पावणारी गिरणा नदी नाशिक जिल्ह्यातून पूर्वेस वाहत येते आणि चाळीसगाव तालुक्यातून पुढे भडगावजवळून जाऊन उत्तरेस तापीला मिळते. नदीकाठची जमीन खोल काळी व सुपीक आहे. नदीपासून दूर, डोंगरांच्या पायथ्याकडे मात्र जमिनीचा थर उथळ होत जातो व मुरमाड, बरड जमीन लागते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत व बहुधा मोठ्या सरींनी पडतो. उताराच्या जमिनीवरून तो वेगाने वाहतो, मातीचा वरचा कसदार थर नेतो आणि ओढ्यानाल्यांच्या काठी घळी पाडतो. वरच्या शेतातून निघालेले पाणी खालच्या शेताचा बांध फोडते. त्यामुळे वरच्या शेतकऱ्याची असमर्थता खालच्या शेतकऱ्याच्याही नुकसानीस कारण होते. भूसुधारणेचा प्रश्न एकट्यादुकट्या खातेदाराचा नाही, तो या भूरचनेमुळेच सामायिक ठरतो.

प्रारंभिक काळ : शेतकऱ्यास बी-बियाणे, बैल व विहिरी यांसाठी राज्याने अग्रिम रक्कम देण्याची तगाईची पद्धत मोगल व मराठा अशा दोन्ही राजवटींत रूढ होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेले आज्ञापत्र या संदर्भात उल्लेखनीय आहे. सुभेदाराने गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याकडे कष्ट करण्याचे बळ आहे परंतु बैल व धान्य नाही त्याला ते पुरवावे आणि वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. हे आज्ञापत्र कोकणातील असले, तरी त्यातील पात्रतेची कसोटी लक्षणीय आहे. तीत मालमत्तेऐवजी कष्ट करण्याची क्षमता पाहिलेली आहे.

खानदेशात याच सुमारास किंवा त्याही आधीपासून पाण्याची एक सामूहिक व्यवस्था नांदत होती. पांझरा, मोसम, आरम व गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत दगडी बंधारे बांधून त्यांतून पाट काढले जात. पाटाखालील भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार मोठे भाग पाडून त्या प्रत्येकास फड म्हणत. एका फडात एका हंगामात सामान्यतः एकच पीक घेतले जाई आणि पिकांचा फेरपालट सर्व फडांतून होई. बहुतेक खातेदारांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्याने पाणी अपुरे पडल्यास एखादा फड सर्वानुमते कोरडा ठेवला जाई आणि त्याची झळ सर्वांना सारखी बसे. पाणी देण्याचे काम पाटकरी करी. पिकांची राखण व देखरेख जागल्या व हवालदार यांच्याकडे असे. कारभार पंचमंडळी पाही. पाटाची साफसफाई व किरकोळ दुरुस्ती खातेदारांनी श्रमाने वा धान्याच्या वर्गणीने करावयाची असे. या व्यवस्थेत लहान खातेदाराला पाण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. फडातील जमीन व पाटावरील श्रम या दोहोंमुळे त्याचा हक्क आपोआप सिद्ध होई. फडाबाहेरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास मात्र तिचा उपयोग नव्हता, ही तिची मर्यादा होय. विसाव्या शतकात या नद्यांवर मोठी धरणे झाल्यावर प्रवाह बदलले आणि अनेक ठिकाणची फड पद्धती क्षीण झाली.

ब्रिटिश अमदानी : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. सततच्या लढाया, लूटमार व दुष्काळ यांमुळे त्या वेळी अनेक गावे ओस पडली होती. पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या कारकीर्दीत वसाहत वाढविण्यासाठी लागवडदारांना तगाई देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. पुढे जमीन-मोजणी झाली. तिला १८५२ मध्ये सावदा, फैजपूर इ. भागांत शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. मोजणीने सर्व्हे नंबर व खातेदार निश्चित झाले आणि जमीन वैयक्तिक, हस्तांतरणीय व म्हणूनच गहाण टाकण्याजोगी मालमत्ता बनली. त्याबरोबर सावकारी कर्जाचा विस्तार झाला. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीने खानदेशातील कर्जव्यवहाराला आणखी चालना मिळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणेवर चाळीसगाव तालुक्यातील जामदा येथे बंधारा बांधून कालवे काढण्यात आले. त्यांचा लाभ चाळीसगाव व भडगाव भागांतील गावांना झाला. भडगाव येथे त्याच काळात सरकारी प्रायोगिक शेतही होते. तेथे सुधारलेली अवजारे व कापसाच्या जाती यांचे प्रयोग होत; परंतु प्रयोग पाहणे आणि त्यांसाठी लागणारे भांडवल उभे करणे यांतील अंतर सामान्य शेतकऱ्याला ओलांडता येण्यासारखे नव्हते.

दख्खनच्या दंग्यांनंतर (१८७५) शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने (१८८०) तगाईचा विस्तार करण्याची शिफारस केली. तीनुसार १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम व १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम हे दोन कायदे संमत झाले. पहिला दीर्घ मुदतीच्या सुधारणांसाठी होता. विहिरी, तलाव व पाणी साठविण्याची बांधकामे, निचरा, पूर व धूप यांपासून जमिनीचे संरक्षण आणि पडीक जमीन लागवडीस आणणे ही कामे त्यात अंतर्भूत होती. परतफेडीची मुदत ३५ वर्षांपर्यंत ठेवण्याची तरतूद होती. दुसरा कायदा बी-बियाणे व बैल यांसारख्या तात्कालिक गरजांसाठी होता. देशातील मृद्‌संधारणाच्या कर्जाला १८८३ च्या अधिनियमाने कायदेशीर आधार दिला, असे म्हणता येते.

व्यवहारात मात्र तगाई मिळविणे सोपे नव्हते. मामलतदाराकडे अर्ज, गावदप्तरातील उतारा, पंचनामा, तारण जमिनीची किंमत व तिच्यावरील पूर्वीचे बोजे यांची चौकशी या पायऱ्या ओलांडाव्या लागत. ज्याची जमीन आधीच सावकाराकडे गहाण होती, त्याला तारण उरत नसे. कुळाने कसलेल्या जमिनीत विहीर खणावयाची तर मालकाची संमती लागे. कर्जाची वसुली जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे करण्याचा अधिकार शासनाला असल्याने एखादे वर्ष पीक बुडाले, तरी हप्ता चुकविणे धोक्याचे होते. सावकाराचा व्याजदर जास्त असला, तरी तो मुदत वाढवून देई आणि दाराशी येऊन पैसे देई. त्यामुळे अनेक लहान शेतकरी सरकारी कर्जापेक्षा सावकाराकडेच वळत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात खानदेशाची मोठी हानी झाली. त्यानंतर सिंचन आयोगानेही (१९०१-०३) तगाईची पद्धत अधिक उदार करण्यावर भर दिला.

सहकारी चळवळ व भूतारण बँका : १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमाने व्यक्तीच्या तारणाऐवजी सभासदांच्या सामूहिक जबाबदारीवर कर्ज देण्याचा मार्ग खुला झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. पूर्व खानदेशात सहकारी संस्थांचा प्रसार लवकर झाला. तथापि गावच्या सोसायट्यांची कर्जे अल्प मुदतीची असल्याने ती पीक उभे करण्यास पुरत, बांध घालण्यास वा विहीर खणण्यास पुरत नसत. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी मुंबई इलाख्यात १९२९ च्या सुमारास भूतारण बँकांचा प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या तीन ठिकाणांत धारवाड व भडोच यांच्याबरोबर पूर्व खानदेशातील पाचोरे हे होते. भडगाव पेटा त्या काळी पाचोरे तालुक्यास जोडलेला असल्याने हा प्रयोग भडगावच्या परिसरातच झाला, असे म्हणता येईल. इलाख्याची प्रांतिक सहकारी भूतारण बँक १९३५ मध्ये स्थापन झाली.

नावाप्रमाणेच या बँकांचा आधार जमिनीचे तारण हा होता. आरंभी जुनी सावकारी कर्जे फेडण्यासाठीच त्यांच्या रकमा मुख्यत्वे खर्ची पडल्या. महामंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर तारणाची किंमतही घटली. या काळात खानदेशात शेतकऱ्यांचे संघटन वाढले. साने गुरुजींनी पूर्व खानदेशात सारामाफीसाठी चळवळ केली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर होऊन कर्जनिवारणाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला.

साहाय्याचे एकूण प्रमाण किती तोकडे होते, हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीवरून (१९५१-५२, अहवाल १९५४) स्पष्ट झाले. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात शासनाचा वाटा ३·३ टक्के व सहकारी संस्थांचा ३·१ टक्के एवढाच होता. व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून सु. ७० टक्के कर्ज पुरवीत होते. पाहणीच्या शिफारशींनंतर सहकारी पतपुरवठ्याचा झपाट्याने विस्तार झाला. भूतारण बँकांचे रूपांतर भूविकास बँकांत झाले व त्यांनी विहिरी आणि विद्युत पंप यांसाठी मोठ्या प्रमाणावर कर्जे दिली. विहिरीला पाणी न लागल्यास कर्ज मात्र अंगावर राही आणि सात-बाराच्या उताऱ्यावरील बोजा दुसऱ्या कर्जाच्या आड येई. या बँका पुढे अवसायनात निघाल्या. त्यांच्या कर्जदारांची थकबाकी माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२२ मध्ये घेतला.

बांधबंदिस्ती : सोलापूर व विजापूर येथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून समपातळी बांधांची उपयुक्तता सिद्ध झाली होती. १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम संमत झाला. त्यानुसार एखाद्या क्षेत्राची सलग योजना तयार करून ती प्रसिद्ध करण्यात येई. मालकांचे आक्षेप ऐकून मंजूर झालेली योजना त्या क्षेत्रातील सर्व खातेदारांना बंधनकारक असे. खर्चाचा काही भाग शासन सोशी व उरलेला भाग खातेदारांकडून हप्त्यांनी वसूल होई. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करण्याची गरज न राहिल्याने लहान शेतकऱ्याच्या शेतावरही काम होऊ लागले. तत्त्वतः हा मोठा बदल होता.

त्याबरोबर नव्या अडचणी उद्भवल्या. समपातळी रेषा शेताच्या हद्दी जुमानीत नाही. मोठ्या शेतात बांधाखाली जाणारी जमीन फारशी जाणवत नाही. दोन-तीन एकरांच्या शेताचे मात्र बांधामुळे वेडेवाकडे तुकडे पडतात व औत फिरविणे कठीण होते. खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडे, नाहीतर बांध फुटे. अशा बांधाच्या खर्चाचा हप्ताही शेतकऱ्याला भरावा लागे. त्यामुळे काही ठिकाणी शेतकऱ्यांनी बांध नांगरून टाकले. योजना बंधनकारक करता आली, तरी शेतकऱ्याच्या सहमतीवाचून बांध टिकत नाही, असा या कार्यक्रमाचा अनुभव आहे. पुढे काळ्या जमिनीसाठी ढाळीचे बांध, शेताच्या हद्दीवरील बांध व योग्य सांडवे यांचा अवलंब करण्यात आला.

अमेरिकेतही हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उपस्थित झाला होता. १९३० नंतरच्या धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाल्यावर तेथे १९३५ मध्ये मृद्‌संधारण सेवा स्थापन झाली आणि संधारणाच्या खर्चाचा काही भाग शासनाने उचलण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या वाट्याचा खर्च आधी करू न शकणारे लहान शेतकरी तिच्यापासून दूर राहिले. त्यावर उपाय म्हणून वंचित गटांतील शेतकऱ्यांना साहाय्याचा काही भाग आगाऊ देण्याची तरतूद पुढे करण्यात आली. २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने तेथील कृषी खात्यात नागरी शेतीसाठी स्वतंत्र कार्यालयही निर्माण झाले.

लहान शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा : सर्वसाधारण योजनांचा लाभ लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, हे अखिल भारतीय ग्रामीण पतसमीक्षा समितीने (१९६९) दाखवून दिले. तिच्या शिफारशीवरून १९७०-७१ पासून निवडक जिल्ह्यांत लघुशेतकरी विकास संस्था स्थापन झाल्या. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणारा तो लहान व एक हेक्टरापर्यंत असणारा तो सीमांत शेतकरी, अशी व्याख्या पुढे सर्वमान्य झाली. या यंत्रणेतून लहान शेतकऱ्याला भांडवली खर्चाच्या २५ टक्के व सीमांत शेतकऱ्याला ३३ १/३ टक्के अनुदान मिळे. उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून उभारावयाची असे. म्हणजे अनुदानाचे दार उघडले, तरी त्याची किल्ली बँकेकडेच राहिली. १९८० मध्ये ही योजना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात विलीन झाली. शेतीच्या पुनर्वित्तासाठी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक (नाबार्ड) १९८२ मध्ये स्थापन झाली.

रोजगार हमी योजना : विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकार झालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लागू झाली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सु. ५० लाख लोक होते. योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध, वनीकरण इ. कामे तीखाली घेण्यात आली. अर्थसाहाय्याच्या इतिहासात या योजनेने एक मूलभूत फरक घडविला. साहाय्याचा हक्क येथे जमिनीच्या तारणावर अवलंबून नव्हता. काम मागणे एवढीच पात्रता होती. अल्पभूधारक, सालदार व भूमिहीन मजूर यांच्या हाती मजुरीच्या रूपाने संधारणाचा पैसा प्रथमच थेट पोहोचला.

तथापि निर्माण झालेल्या मत्तेचा लाभ कोणाला, हा प्रश्न राहिलाच. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले, ते ज्यांची जमीन तेथे होती त्यांना. तलावाची माती वाहणाऱ्या मजुराचे शेत बहुधा दूर, उतारावर असे. या असमतोलावर उपाय म्हणून योजनेत लहान शेतकऱ्यांच्या शेतावरील विहिरींचा अंतर्भाव करण्यात आला. १९९० पासून फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतात काम करून मजुरी मिळविणे शक्य झाले. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या (२००५) कार्यक्रमात २००९ मध्ये लहान व सीमांत शेतकऱ्यांच्या जमिनीवरील कामे समाविष्ट करण्यात आली. महाराष्ट्रातील अनुभवाची दिशा त्यात दिसते.

सामूहिक प्रयोग : पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून अलग केला. माणशी अर्धा एकर व कुटुंबामागे जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी देणे, भूमिहीनांनाही वाटा देणे आणि उसासारखे पाणी पिणारे पीक न घेणे हे तिचे नियम होते. योजनेच्या खर्चाचा सु. २० टक्के भाग सभासद भरत; बाकीचा भाग शासकीय अनुदान व बिनव्याजी कर्ज यांतून उभा राही. फड पद्धतीतील समान वाटपाचे तत्त्व येथे नव्या स्वरूपात अवतरले, असे म्हणता येते.

राज्यात १९८३ मध्ये व्यापक पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला व १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण विभाग निर्माण झाला. त्याच वर्षी आदर्श गाव योजना आणि नाबार्डच्या साहाय्याने चालणारा भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम यांचा प्रारंभ झाला. माथ्यापासून पायथ्याकडे काम नेणे, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व गावसमितीमार्फत खर्च ही या कार्यक्रमांची सूत्रे होती. माथ्याकडची जमीन बहुधा गायरान, वन वा लहान खातेदारांची असल्याने या क्रमामुळे लहान शेतकऱ्याचे काम आधी होऊ लागले. चराईबंदीचा भार मात्र शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांवर पडला; जेथे त्यांना पर्याय दिला गेला, तेथेच ती टिकली.

खानदेशात साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम करून वनाचे रक्षण केले व पाणी अडविले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. हे काम सामायिक नाल्यात असल्याने शेतकऱ्याला अर्ज, उतारा वा हिस्सा यांपैकी काही द्यावे लागले नाही. त्याचा लाभ पुन्हा नाल्याकाठच्या विहीरधारकांनाच अधिक होतो व अतिखोलीकरण भूजलाच्या दृष्टीने सर्वत्र योग्य नाही, असे आक्षेप तज्ञांनी घेतले आहेत. सातपुड्यातील वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना नावावर उतारा नसल्याने भूसुधारणेचे साहाय्य दीर्घकाळ मिळत नव्हते. वनहक्क अधिनियमाने (२००६) दिलेल्या दाव्यांच्या मान्यतेनंतर त्यांचा मार्ग काही अंशी मोकळा झाला.

अलीकडील योजना : कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४·२८ हे. होते, २०१५-१६ मध्ये ते १·३४ हे. झाले. म्हणजे एके काळी अपवाद समजला जाणारा लहान शेतकरी आता सामान्य शेतकरी झाला आहे. राज्याने १९८६ च्या सुमारास ठिबक सिंचनास अनुदान देण्यास सुरुवात केली. या तंत्राचा प्रसार जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांत विशेष झाला. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत (२०१५) लहान व सीमांत शेतकऱ्यास खर्चाच्या ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदानाचे प्रमाण ठरविण्यात आले. राज्याने पुढे त्यात पूरक अनुदानाची भर घातली. हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते व त्यांत जळगावचा समावेश होता. या योजनांत सामान्यतः शेतकऱ्याने आधी खर्च करावयाचा व पावत्या सादर केल्यावर अनुदान बँक खात्यात जमा व्हावयाचे, अशी रीत आहे. गैरव्यवहार टाळण्यास ती उपयुक्त आहे; परंतु आरंभीची रक्कम उसनवारीने उभी करावी लागत असल्याने अनुदानाचा काही भाग व्याजातच जातो.

अटींचा परिणाम दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो. 'मागेल त्याला शेततळे' या योजनेत (२०१६) कमाल ५०,००० रु. अनुदान होते व त्यासाठी किमान ०·६० हे. जमिनीची अट होती. शेततळे जागा व्यापते, म्हणून ती अट तांत्रिक दृष्ट्या समजण्यासारखी आहे. परिणामी सर्वांत लहान खातेदार नियमानेच वगळला गेला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत (२०१७) तलावातील सुपीक गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यावयाचा होता. ज्याच्याकडे ट्रॅक्टर वा भाड्याचे पैसे होते, त्याच्याच शेतात तो पडला. ही उणीव लक्षात येऊन २०२३ मध्ये लहान व दुर्बल गटांतील शेतकऱ्यांना गाळ पसरविण्यासाठी एकरी १५,००० रु. व अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रु. पर्यंत अनुदान देण्याचे ठरले. एकच योजना, परंतु एका अटीच्या बदलाने तिचा लाभार्थी बदलला.

नागरी सीमेवरील शेतकरी : गावांचे शहरांत रूपांतर होताना एक नवा वर्ग साहाय्याच्या कक्षेबाहेर पडत गेला. जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. भडगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही नगरपरिषद आली. नगरहद्दीत आलेल्या शेतांची धूप थांबत नाही, परंतु त्यांचे प्रशासन बदलते. राष्ट्रीय रोजगार हमी अधिनियमात ग्रामीण क्षेत्राच्या व्याख्येतून नागरी स्थानिक संस्थांचे क्षेत्र वगळलेले होते. महाराष्ट्राच्या मूळ योजनेने मात्र 'क' वर्ग नगरपरिषदांचे क्षेत्र सामावून घेतले होते. लहान गावाची नगरपरिषद झाली म्हणून तेथील शेतकरी व शेतमजूर नाहीसा होत नाही, ही जाण त्या तरतुदीमागे होती. जेथे सात-बाराऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका लागू होते, तेथे शेतकरी असल्याचा पुरावा देणेच कठीण जाते. शहराच्या कडेला भाजीपाला पिकविणारे पुष्कळजण भाड्याच्या वा मोकळ्या जागेवर शेती करतात. त्यांच्या नावे कोणताच उतारा नसतो. मुंबईसारख्या शहरांत गच्चीवरील शेतीचे प्रयोग एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. ते मुख्यतः स्वयंसेवी प्रयत्नांवर अवलंबून राहिले.

मूल्यमापन : सु. दोनशे वर्षांच्या या इतिहासात निधीचे मार्ग अनेकदा बदलले, परंतु प्रवेशाचे निकष त्या मानाने थोडेच बदलले. तगाईने तारण मागितले, भूतारण बँकेने निर्वेध मालकी मागितली, अनुदान योजनांनी आगाऊ खर्च मागितला व २०२० नंतरच्या संगणकीय अर्जपद्धतीने अद्ययावत कागदपत्रे मागितली. वारसनोंद न झालेले सामायिक खाते, बटाईने कसलेली जमीन आणि स्त्री कसत असूनही पुरुषाच्या नावे असलेला उतारा या अडचणी प्रत्येक टप्प्यात कायम राहिल्या. ज्या व्यवस्थांनी श्रम, माणशी वाटा वा सामायिक पाणलोट यांना आधार मानले, त्यांतच लहान शेतकऱ्याचा सहभाग टिकून राहिला. फड, रोजगार हमी व पाणी पंचायत ही त्यांची उदाहरणे होत. त्यांतही मत्तेच्या मालकीचा व देखभालीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही.

लहान शेतकऱ्याला साहाय्य देणे हा केवळ सामाजिक न्यायाचा प्रश्न नसून तांत्रिक आवश्यकताही आहे. पाणलोटातील वरच्या बाजूचे एक एकराचे शेत बांधाविना राहिले, तर त्यातून सुटलेला लोंढा खालचे चांगले बांधही फोडतो आणि त्यांवर झालेला खर्च वाया जातो. गिरणा खोऱ्यातील शेतीचे रक्षण अशा रीतीने तिच्यातील सर्वांत दुर्बळ खातेदाराच्या बांधावर अवलंबून आहे.